नाव मागायला आले होते

कौसा, तुझं नाव मागायला माणसं आली होती.

दहाव्याचं उरकलं होतं, पाहुणे गेले होते. आपला रवी गारखेड्याला परत निघायच्या तयारीत होता, सून भांडी पालथी घालत होती. तेवढ्यात रावसाहेब नाना दारात आले, मागं कमिटीतले दोघं. तू असतीस तर उंबऱ्यातच विचारलं असतंस, आज इकडं कसे काय वाट चुकले म्हणून. मी आपली सतरंजी टाकली. नाना बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, तुझ्याबद्दल चार शब्द बोलले. चांगलेच बोलले. मग घसा खाकरून म्हणाले, "मिस्तरी, कमिटीनं एक ठरवलंय. हायवेला जे व्यापारी संकुल व्हणार हाय, त्याला कौसाबाईचं नाव द्यायचं. मोठ्या अक्षरात. भूमिपूजनाला तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार."

रवीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकं फिरलं.

"नाना, त्या संकुलाच्या नावानं ती वर्षभर बोटं मोडीत होती. तुमच्या तोंडावर मोडीत होती."

"इरोध इरोधाच्या जागी. बाईंचं काम मोठं होतं. अन् आता त्या गेल्या, मिस्तरी. गेलेल्या माणसाचा कसला इरोध?"

हे ऐकलं अन् मला पहिल्यांदा कळलं की तू गेलीस. सरणावर ठेवली तेव्हा नव्हतं कळलं.

आता सगळे तुला मोठी म्हणतात. हेच लोक तुला 'मीटिंगवाली' म्हणायचे. तू रस्त्यानं निघालीस की पानटपरीवरून कुणीतरी ओरडायचं, "मावशी, आज कोणती मीटिंग?" अन् तू न थांबता म्हणायचीस, "तुझ्या लग्नाची. पोरगी मिळंना झालीय." सगळी टपरी हसायची. त्यातला एक आता माझ्या सतरंजीवर मान खाली घालून बसला होता.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. नाना म्हणाले, सांगा, पण ग्रामसभा ठेवायची हाय, लवकर सांगा.

विचार काय करणार. मला त्या पुराचीच आठवण येत राहिली. नदी बाजारतळावरून चढून गावात शिरली, खालची आळी चिखलात गेली, शाळेची कंपाउंड भिंत आडवी झाली. मी पडलेली घरं बघत हिंडत होतो, कुठली भिंत राहील अन् कुठली पाडावी लागेल ते सांगत. मला वाटत होतं गावात सगळ्यात मोठं काम माझंच चाललंय. तू शाळेची चावी मागून घेतलीस, बाया गोळा केल्यास अन् वर्गात चुली पेटवल्यास. तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी दुपारी तिथं आलो तर तू पिठल्याचं पातेलं हाटता हाटता एका पुढाऱ्याला म्हणत होतीस, "दादा, फोटो काढून झाला असंल तर ती पाण्याची टाकी इकडं सरकवा." त्यानं सरकवली.

म्हणून तर तू कमिटीत गेलीस. जिल्ह्यातून साहेब आले, म्हणाले गाव परत उभं करायचा आराखडा गावानंच करायचा, कमिटीत बाया पाहिजेत. गावानं तुझं नाव टाकलं. त्यांना वाटलं बाई येईल, कोपऱ्यात बसेल, चहा पिईल, सही करून जाईल. तुला ओळखणाऱ्या एकानं तरी त्यांना सावध करायला पाहिजे होतं. मी नाही केलं. मला जरा मजाच वाटत होती.

मग एक दिवस तू मीटिंगवरून आलीस अन् पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिलीस.

"अवो, नकाशात आपला बाजारच नाय."

"म्हंजी?"

"नदीकाठी 'मोकळी जागा' लिवलंय. तिथं म्हणे बाग करायची, बाकडी टाकून. अन् आमा भाजीवाल्यांना कायमचं हायवेला न्यायचं. गाळ्यात."

मी हसलो. म्हणालो, "सोमवार सोडला तर मोकळीच असती की ती जागा."

त्या दिवसापासून कितीतरी दिवस मला बिनसाखरेचा चहा मिळाला. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

पण हे झालं कसं, ते मला तूच नंतर समजावून सांगितलंस, अन् तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारला. मोजणीवाले साहेब आले ते आडवारी, बाजार नसताना. कारण कमिटी सोमवारी कुणाला बोलवतच नाही. सोमवारी बाजार. नानांच्या खताच्या दुकानात गर्दी, दुसऱ्या सदस्याला बोकडं विकायची, तिसऱ्याचं हॉटेल. बाजार असतो म्हणून बाजार दाखवायला कुणाला वेळ नव्हता. आडवारी साहेबाला नदीकाठी नेलं तर तिथं दोन कुत्री अन् एक सायकल. साहेबानं जे दिसलं ते लिहिलं. सोमवारी आले असते तर पुरानंतर हायवेच्या कडेला सरकलेल्या बाया तरी दिसल्या असत्या, त्यांनीच जुनी जागा दाखवली असती. अन् ग्रामसभा ठेवायची तीही सोमवार टाळूनच. त्या दिवशी जमिनीवर बसून भाजीपाला विकणाऱ्या तुम्ही साऱ्या बाया बाहेरगावच्या बाजारात, कुणी पिशोरला, कुणी आणखी कुठं. म्हणजे बाजाराचा निकाल लागणार तेव्हा बाजारातलं कुणीच गावात नाही. कुणी मुद्दाम केलं असतं तर मी त्याला शिव्या तरी दिल्या असत्या. हे सगळ्यांनी मिळून, कुणाच्या मनात वाईट नसताना केलं. आपल्या गावालाच जमावं असं.

तू एकटी बाहेरगावचा बाजार बुडवून मीटिंगला जायचीस. मेथी घरात पिवळी पडायची अन् तू कमिटीत भांडायचीस.

अन् घरी येऊन माझ्याशी. माझंही ऐकून घे, आता मधे बोलायला तू नाहीस. मी जन्मभर भिंती बांधल्या. स्लॅब पडला की मला बरं वाटतं. मी तुला म्हणालो होतो, "उन्हात वाळता, पावसात भिजता, डोक्यावर छत आलं तर तुमचं काय दुखतंय?"

"छत नाय दुखत. पायऱ्या दुखतात," तू म्हणालीस. "मेथीच्या जुडीसाठी पायऱ्या चढून कोण येतं? माणूस चालता चालता वाकतो, जुडी उचलतो, भाव करतो, पुढं जातो. गाळ्यात कोण वाकंल? अन् गाळे आमाला देणार हायेत का? ते आधीच भाच्या-पुतण्यांच्या नावावर हायेत."

"नदी पुन्यांदा येईल त्याचं काय?"

"यिऊ द्या की. आमचं काय नेणार? पोतं उचललं की आमचं दुकान बंद. चिखल वाळला की परत बसू. तुमच्या गाळ्यात शिरली तर शटर घेऊन जाईल."

मग मी म्हणालो, तुला बांधकामातलं काय कळतं. उत्तर नसलं की मी हेच म्हणायचो, तुला माहीत आहे. मी दारात तुझ्यासाठी सिमेंटचा ओटा बांधला, कोबा घासून गुळगुळीत केला, अन् तू त्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसून भाजी निवडायचीस. ओट्यावर टोपली ठेवायचीस. मला त्याचा राग यायचा. तुला वाटायचं मी ओट्याला जपतो. अगं, मी ओट्याला नव्हतो जपत.

छत पाहिजे, असं मी आजही म्हणतो. तू गेलीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही. चार खांब अन् वर पत्रा, भिंत नको, पायरी नको. हे मला तेव्हा सुचलं असतं तर तुला सांगितलं असतं. आता सुचतंय.

एक मात्र कबूल करतो. नवीन लग्न झालं तेव्हा मी ठेकेदाराकडं काम करायचो, बांधकामाला पाणी मारायला वेगळा माणूस नव्हता. तू डोक्यावर घागर घेऊन यायचीस अन् माझ्या ओल्या भिंतींना पाणी मारायचीस, सकाळ-संध्याकाळ. लोक म्हणतात ह्या मिस्तरीच्या भिंतीला तडा जात नाही. ते माझ्या हाताचं नव्हतं. पाणी नीट मिळालं की भिंत टिकते, एवढंच आहे त्यात. हे मी तुला कधी बोललो नाही. मला वाटायचं तुला माहीतच असेल.

दुखण्याचं मी लिहिणार नव्हतो, पण राग जात नाही म्हणून लिहितो. तू मीटिंगला गेलीस अन् दवाखान्यात गेली नाहीस. अंगात ताप घेऊन कमिटीत बसायचीस अन् घरी येऊन म्हणायचीस, "दमलेय जरा." मी विचारलं की वस्सकन अंगावर यायचीस. शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मला विचारत होता, इतके दिवस काय करत होता. मी काय सांगणार? आराखडा करत होतो म्हणून? त्या कॉटवर सुद्धा तू माझ्याशी बाजाराचंच बोललीस. नवीन नकाशा आला का, कोण कोण काय म्हणालं. मी वैतागलो. म्हणालो, "सोड ना आता ते बाजाराचं." तू भिंतीकडं तोंड केलंस. मला वाटलं, सकाळी बोलेल.

दहाव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी घरात भाजी नव्हती. मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. पूर आल्यापासून बाजार हायवेच्या कडेला बसतो हे मला माहीत होतं, येता-जाता दिसायचं. पण भाजीच्या ओळीत मी कधी गेलो नव्हतो, कशाला जाईन, भाजी घरी तूच आणायचीस. ट्रक इतके जवळून जातात, कौसा, की माझं धोतर उडालं. बाया टोपलीवर हात ठेवूनच बसतात. मेथीवर धूळ बसते अन् ती झटकायला पाणी जवळ नाही.

तुझी रशीदाबी बांगड्यांचा पेटारा मांडून बसली होती. मला बघून तिनं तोंडाला पदर लावला, मग लगेच काढला.

"आओ मिस्तरीभाई. बैठो म्हटलं असतं, पन बसवू कुठं? ट्रकच्या चाकाखाली?"

मी म्हणालो, "लावा काहीतरी मार्ग तुम्हीच. आता ती नाय."

"तेच तो. कौसा थी तो मीटिंगची खबर मिळायची. आता कोन सांगनार? ग्रामसभा कधी ठेवली?"

"शुक्रवार म्हणत होते."

"घ्या. शुक्रवारी आमी साऱ्या बाहेर." ती एका पोरीच्या हातात बांगडी भरत होती, तिचा हात दाबत दाबत म्हणाली, "अन् सुना है, उस बिल्डिंग को कौसा का नाम देनेवाले हैं."

"व्हय. मला विचारलंय."

"शाबास. मग झालंच. आपल्या कौसाच्या नावाच्या बिल्डिंगला नको कोन म्हननार? मी म्हनेन? माझी जीभ उचलंल का? लई हुशार मानसं हायेत, भाई. जिच्याशी भांडता नाय आलं, तिलाच दारावर बसवलं." बांगडी चढली. पोरीला म्हणाली, "दुखलं नाय ना? झालं, झालं."

हे मला घरी बसून सुचलं नव्हतं. मला नुसता राग आला होता. त्यांना तुझं नाव कशाला पाहिजे ते रशीदाबीला रस्त्याच्या कडेला बसून कळलं.

मी भाजी घ्यायची विसरलो. तसाच रिकामी पिशवी घेऊन नानांच्या दुकानात गेलो. सोमवार, गिऱ्हाईक दाटलेलं. मी सगळ्यांच्या डोक्यावरून म्हणालो, "नाना, नाव देतो."

नानांचा चेहरा उजळला. "बघा, मी म्हणालो होतो, मिस्तरी समजदार हायेत."

"पण ग्रामसभा सोमवारी. बाजाराच्या दिवशी. जुन्या बाजारतळावर, नदीकाठी. अन् मोजणीवाले साहेब पाहिजेत."

"सोमवारी? अवो, सोमवारी गावात कोण रिकामं असतं?"

"सोमवारीच सगळं गाव असतं."

"दुकान कोण बघंल माझं?"

"मग नाव नाय. भाच्याचं द्या."

गिऱ्हाईक हसलं. नानांनी वजन करता करता माझ्याकडं बघितलं. त्यांनी भूमिपूजनाचा शब्द वरपर्यंत दिला होता, अन् तुझं नावही वर सांगून बसले होते, हे मला ठाऊक होतं. गावातल्या गोष्टी गवंड्याला कळतात, माणसं भिंतीजवळ उभी राहून बोलतात.

"कौसाबाईंचेच मालक शोभता," नाना शेवटी म्हणाले. चिडून म्हणाले, पण मला बरं वाटलं.

सभा झाली, कौसा. खुर्च्या मांडल्या होत्या, पुरानं टाकलेल्या गाळाला भेगा पडलेल्या, एका खुर्चीचा पाय त्यात जाऊन सदस्य पडता पडता वाचला. बाया हायवेवरून टोपल्या घेऊन उतरल्या. साहेबानं नकाशा पसरला अन् विचारलं, "बाजार नेमका कुठून कुठपर्यंत बसायचा?"

कमिटीतले सगळे एकदम बोलायला लागले. नाना म्हणाले लिंबापासून. दुसरा म्हणाला, नाही, देवळापासून. तिसरा म्हणाला, लिंब होताच कुठं तिथं. जन्मभर ह्या बाजारात आले अन् कुणालाच सांगता येईना. मलाही येईना.

मग रशीदाबीनं पेटारा खाली ठेवला अन् बसली. म्हणाली, "मैं यहाँ." तिच्या हाताला लसूणवाली बसली. तिच्यापुढं कांदेवाली. "अगं सरक, तिथं वांगीवाली असती." "मी कुठं तुझ्या पुढ्यात बसायची, तू माझ्या मागं बसायचीस." खुणेचे दगड पुरानं नेले होते, पण त्या दगडावर नव्हत्याच बसत. त्या एकमेकींच्या शेजारावर बसायच्या. बघता बघता ओळी लागल्या, मधे माणसं जायला वाट राहिली, वळणावर बोकडांसाठी मोकळं राहिलं. कुणाच्या पुढ्यात माल, कुणाच्या पुढ्यात नुसतं पोतं. हायवेवरून एक म्हातारा उतरला, त्याला सभेचं काही माहीत नव्हतं, त्यानं वाकून वांगी कशी दिली म्हणून विचारलं. तिनं भाव सांगितला. त्यानं घेतली.

साहेब नकाशा हातात घेऊन ओळीतून चालायला लागले. रशीदाबी अन् लसूणवालीच्या मधे एका पोत्याएवढी जागा उरली होती. साहेब थांबले. "इथं कोण बसतं?"

लसूणवालीनं रशीदाबीकडं बघितलं. मग रशीदाबी म्हणाली, "कौसा. वो मीटिंग में गई है."

आधी एक बाई हसली, मग साऱ्या. मीही हसलो. खरंच सांगतो, हसू आवरेना मला, अन् मग नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले तेव्हा कळलं की ते हसू नव्हतं.

साहेबानं 'मोकळी जागा' वर एक रेघ मारली अन् शेजारी 'बाजार' लिहिलं. पेन्सिलीनं. मी म्हणालो, "साहेब, पेनानं का नाय?" ते म्हणाले, "बाबा, वरून मंजूर झालं की पेनानं." म्हणजे आता तेही वर जाणार. वर गेलेलं काय काय खाली आलंय ते तुला माहीत आहे. बाया अजून हायवेलाच बसतात. परवाच एका ट्रकानं कुणाची तरी टोपली चेंगरली. मी नानांना विचारायला जातो, ते म्हणतात, पत्र गेलंय. मी रोज जातो. मला आता तुझ्यासारखंच म्हणतात, मीटिंगवाले.

संकुल मात्र लगेच मंजूर झालं, तुझ्या नावासकट. हात वर करून. मीही हात वर केला, शब्द दिला होता. भूमिपूजनाला शाल घेतली. रवीनं फोटो काढला.

तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. म्हणाली असतीस, माझं नाव तिथं लावायच्या आधी मला नदीत सोडा. अन् तरीही मी ते दिलं असतं, कारण दुसरं काही माझ्याकडं द्यायला नव्हतं अन् त्याच्याशिवाय ते सोमवारी आले नसते. मग तू रागावली असतीस अन् माझ्याशी बोलली नसतीस. तुझा खरा राग असाच असायचा. भांडायचीस तोपर्यंत मला काळजी नसायची. तू गप्प झालीस की मी घाबरायचो, मग काहीतरी निमित्त काढून तुझ्या मागं मागं फिरायचो, अन् कधीतरी तू म्हणायचीस, "जेवा आता." तेवढ्यावर मला कळायचं की मिटलं.

आता तू बोलत नाहीस, कौसा, अन् मला कळत नाही की रागावलीस का मिटलंय.